मागल्या आसनाची कैफियत

दोघांनी मिळून लांबचा प्रवास करावयाचा असेल तर क्रूझर जातीच्या मोटारसायकलीसारखे दुसरे दुचाकी वाहन नाही, हे मत अलीकडे आपल्याकडे इतके रूढ होऊन बसले आहे की, ते मांडणाऱ्याला पुरावा देण्याची गरज वाटत नाही आणि ऐकणाऱ्याला तो मागण्याची. आसन बुटके, दोन चाकांमधील अंतर लांब, हँडल रुंद आणि स्वाराकडे झुकलेले, पाय पुढे पसरलेले, समोर वारा अडवणारी काच आणि मागे बसणाऱ्याच्या पाठीला टेका, एवढी सामग्री बोटांवर मोजून दाखवली की गाडी दोघांची ठरते. मग ते मोजून दाखवणारा दुकानातला विक्रेता असो, गाड्यांची परीक्षणे लिहिणारा पत्रकार असो, की ती विकत घेऊन बसल्यामुळे तिच्या बाजूने बोलणे ज्याला आता भागच आहे असा तिचा मालक असो. ह्या मताचा प्रतिवाद करावा, आणि तो शक्य तितका तपशिलात शिरून करावा, असे आम्हांस वाटते. कारण तपशिलात शिरल्यावाचून हे मत पडणारे नाही, आणि तपशिलात शिरल्यावर ते फार वेळ उभे राहणारेही नाही.

क्रूझरशी आमचे वैर नाही, हे आरंभीच नमूद करून ठेवणे इष्ट. मोकळ्या रस्त्यावर, ताशी सत्तरच्या वेगाने, कोठेही पोहोचण्याची घाई नसलेला एकटा स्वार ह्या गाडीवर बसून निघाला म्हणजे त्याला जे स्वास्थ्य लाभते ते इतर दुचाकींवर सहसा लाभत नाही, हे आम्ही विनाशर्त मान्य करतो. वाद एकट्याचा नाही. एकट्याच्या नावावर असलेले हे सुख परस्पर दोघांच्या नावावर चढवले जाते, आणि ह्या फेरफाराच्या नोंदीला दुसऱ्या खातेदाराची सही किंवा हरकत विचारलीही जात नाही, ही आमची तक्रार आहे.

ह्या गाड्यांविषयीची साक्ष गोळा कशी होते ते पाहण्याजोगे आहे. परीक्षण करणारा मनुष्य बहुधा एकटा असतो. त्याला गाडी मिळते ती दिवस-दोन दिवसांपुरती. आणि कंपनीने योजलेल्या सफरीतला रस्ताही कंपनीनेच निवडलेला असतो. रॉयल एनफिल्डची सुपर मिटिऑर ६५० जानेवारी २०२३ मध्ये पत्रकारांच्या हाती प्रथम आली ती जैसलमेरच्या परिसरात. थरच्या वाळवंटातील ते सरळ, विरळ रहदारीचे, मैलोगणती न वळणारे रस्ते क्रूझरला माहेरासारखे आहेत. तेथे तिचे गुण खुलावे ह्यात नवल नाही आणि कंपनीने ती तेथे न्यावी ह्यात लबाडीही नाही. परंतु तेथे एकट्याने काढलेल्या अनुमानावरून कोल्हापूरचा कोणी गृहस्थ पत्नीला मागे बसवून आंबा घाटाने रत्नागिरीस जाण्यासाठी तीच गाडी घेऊ लागला, तर मधल्या तर्कात एक मोठी फट राहिली आहे, एवढे कोणालाही दिसावे. परीक्षणाच्या शेवटी मागे बसणाऱ्याविषयी दोन वाक्ये येतात, नाही असे नाही. आसन रुंद आहे, टेका आहे, तक्रारीस जागा नाही. ही दोन वाक्येसुद्धा पुष्कळदा पुढे बसून लिहिलेली असतात!

वस्तुत: मागे बसणाऱ्या ह्या दुसऱ्या इसमाची दखल कायद्याने घेतलेली आहे. १९८८ च्या मोटार वाहन अधिनियमाच्या कलम १२८ प्रमाणे दुचाकीवर चालकाव्यतिरिक्त एकाच इसमास नेता येते, आणि त्यास चालकामागे घट्ट बसवलेल्या योग्य आसनावरच बसवावे लागते. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम १२३ त्याहूनही पुढे जातो: धरावयास कायमची मूठ, पाय टेकावयास आधार, आणि मागे बसणाऱ्याचे वस्त्र चाकात अडकू नये म्हणून चाकाचा निदान अर्धा भाग झाकणारे आच्छादन, ह्या तिन्ही गोष्टींची तरतूद त्याने सांगितली आहे. ज्याला आपण साडीगार्ड म्हणतो आणि हौशी स्वार गाडी घरी येताच जे पाना लावून सोडवून टाकतो, ते ह्याच नियमाचे अपत्य. नियम लिहिणाऱ्या त्या अनामिक सरकारी अधिकाऱ्याने मागे एकीकडे पाय सोडून बसलेली बाई स्वत:च्या डोळ्यांनी पाहिली होती. क्रूझरचा आराखडा काढणाऱ्याने ती पाहिल्याचे कोठे दिसत नाही.

ह्याचे कारण ह्या वाहनाच्या कुळात आहे. क्रूझर ही अमेरिकेच्या भूगोलाची निर्मिती. आणि तेथेही दोघांच्या दीर्घ प्रवासासाठी म्हणून जी शाखा वाढली ती निव्वळ बुटक्या आसनाच्या व चमकदार टाकीच्या गाडीतून आपोआप उगवलेली नाही. ह्या शाखेतली हार्ले-डेव्हिडसनची इलेक्ट्रा ग्लाइड १९६५ ची. होंडाची गोल्ड विंग १९७५ पासून विकली जाऊ लागली ती उघडीबोडकी. तिच्यावर वारा अडवणारी आवरणे आणि सामानाच्या पेट्या आरंभी मालकांनीच पदरमोड करून बसवल्या, आणि लोक काय करीत आहेत हे पाहून १९८० साली होंडाने इंटरस्टेट ह्या नावाने ती सारी सामग्री कारखान्यातूनच लावून दिली. पुढे ह्याच मार्गाने जाता जाता मागच्या आसनाची अक्षरश: खुर्ची झाली: उंच पाठ, रुंद बैठक, हात टेकावयास दोन्ही बाजूंस आधार. २०१८ साली नव्याने घडवलेल्या, १८३३ घनसेंटिमीटरच्या सहा सिलिंडरी गोल्ड विंग टूरवर मागच्या स्प्रिंगेचा ताण बटणाने बदलता येतो, आणि त्यासाठी चार लहान चित्रे दिलेली आहेत: एकटा स्वार, स्वार आणि सामान, दोघे, दोघे आणि सामान. इतके करूनही कंपनीचे समाधान झाले नाही. २०२१ च्या सुधारणेत मागच्या पाठीचा कोन अधिक कलता करण्यात आला आणि मागची पेटी ६१ लिटरची झाली. ज्यांनी चार दशके हाच उद्योग केला त्यांनाही मागच्या बैठकीची पाठ फिरून घडवावीशी वाटली, ह्यावरून हे काम किती नाजूक आहे ते ध्यानात यावे.

आपल्याकडे जे आले ते ह्या परंपरेचे बाह्यरूप. २००१ साली बजाजने कावासाकीच्या साहाय्याने एलिमिनेटर काढली. २००५ साली पल्सरच्या इंजिनावर ॲव्हेंजर उभी राहिली आणि क्रूझरची ऐट मध्यमवर्गीयाच्या आवाक्यात आली. ही गोष्ट पुण्याच्या कारखानदारीला भूषणावहच होती. रॉयल एनफिल्डची मिटिऑर ३५० नोव्हेंबर २०२० ची, आणि सुपर मिटिऑर तिच्यानंतरची. ह्या साऱ्या गाड्या आपापल्या किमतीत प्रामाणिकपणे बनवलेल्या आहेत. परंतु गोल्ड विंगच्या पावणेचारशे किलोंच्या पसाऱ्यात दोघांसाठी जे केलेले आहे, त्यातले नेमके दोघांसाठीचेच वगळून पुढच्यासाठीचे तेवढे ठेवले, तर उरते ती गाडी पुढच्याचीच असणार. तिच्या आकाराने तिला दोघांची ही पदवी बहाल करता येत नाही.

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. क्रूझरचा सर्वांत मोठा गुण म्हणून जे सांगितले जाते, ते बुटके आसन, तेच मागच्याच्या हालांचे मूळ आहे. सुपर मिटिऑरच्या आसनाची उंची ७४० मिलिमीटर, ॲव्हेंजर २२० ची ७३७. आसन खाली आणावयाचे तर त्याच्याखाली मागच्या चाकाला वरखाली होण्यास जागा कमी राहते. जागा कमी म्हणून स्प्रिंगेचा प्रवास आखूड. आणि प्रवास आखूड म्हणून ती शेवटच्या टोकाला जाऊन आपटू नये ह्यासाठी एक तर ताठ ठेवावी लागते, नाही तर आपटू द्यावी लागते. सुपर मिटिऑरच्या मागच्या चाकाचा प्रवास १०१ मिलिमीटर आहे. म्हणजे चार इंच. आणि हे चार इंच गाडी उभी असतानाचे. दोघे बसले की त्यांतला काही भाग बसण्यातच खर्ची पडतो. त्यातून मागे बसणारा मनुष्य जवळजवळ मागच्या आसाच्या माथ्यावर बसतो, म्हणून त्याचा भार दोन चाकांत वाटला न जाता बहुतांश एकट्या मागच्या चाकावर पडतो. साठ किलोंचा मनुष्य आणि त्याच्यामागे बांधलेली दहा-बारा किलोंची पिशवी मिळून एकट्याच्या स्वारीहून सत्तरेक किलो अधिक त्याच दोन स्प्रिंगांनी उचलावयाचे असतात. ह्यावर उत्तर म्हणून स्प्रिंगेचा ताण वाढवण्याच्या खाचांकडे बोट दाखवले जाते. मिटिऑरला अशा सहा खाचा आहेत. खाच वाढवल्याने खाली बसलेली गाडी पुन्हा वर येते, हे खरे. परंतु त्याने स्प्रिंग बदलत नाही, तिची मुळातली ताकद जितकी होती तितकीच राहते, आणि हे ज्याला ठाऊक नाही तो गॅरेजवाल्याला दोष देत बसतो.

पुढचा स्वार खड्डा आधी पाहतो. पाहतो म्हणून हात सैल करतो, कंबर सावरतो, शक्य असल्यास वाट वाकडी करतो. मागच्याला खड्डा दिसत नाही, तो कळतो. इतर मोटारसायकलींवर पाय शरीराच्या खाली येतात आणि त्यांवर भार देऊन क्षणभर आसनावरून उठता येते. क्रूझरवर पुढच्याचे पाय पुढे गेलेले असल्याने त्यालाही हे कठीण, आणि मागच्याचे तर ढोपर अशा कोनात दुमडलेले असते की उठणे दूरच, मांडीचा भारही पायांवर टाकता येत नाही. बुटक्या गाडीवर मागचे आसन आणि त्याचे पाय टेकण्याचे दांडे ह्यांच्यामधील अंतर मुळातच थोडे. म्हणून गुडघे वर येतात, ओटीपोट मागे कलते, कमरेचा स्वाभाविक बाक सपाट होतो आणि सारे वजन माकडहाडावर येऊन ठेपते. अशा अवस्थेत खालून आलेला धक्का मांड्यांत न जिरता थेट मणक्यात जातो. पहिल्या तासाला हे जाणवत नाही. दुसऱ्या तासाला मागचा मनुष्य इकडेतिकडे सरकू लागतो आणि तिसऱ्या तासाला तो चहाची टपरी शोधू लागतो; पुढच्याला वाटते, ह्याला चहाची तल्लफ फार!

पाठीला टेका आहे ना, असे येथे विचारले जाईल. हा टेका म्हणजे पूर्वपक्षाचा हुकमाचा पत्ता, म्हणून त्याच्याकडे जरा निरखून पाहू. दोन्हीकडे पाय टाकून बसणाऱ्या तरुण माणसाला गाडी एकदम पुढे झेपावताना तो उपयोगी आहे. मागे पडण्याची भीती जाते आणि पुढच्याच्या खांद्यावरची पकड सैल करता येते. तितके श्रेय त्याला द्यावे. परंतु वहिवाटीने आपल्याकडे मागे कोण बसते? अष्टविनायकाला निघालेले एखादे जोडपे डोळ्यांसमोर आणा. मोरगाव, सिद्धटेक, थेऊर, रांजणगाव करून ते लेण्याद्रीस आले आहे. तीनशेवर पायऱ्या चढून-उतरून पोटऱ्या भरून आलेली, पन्नाशीची, सहावारी नेसलेली गृहिणी डावीकडून येते, नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवते आणि एकीकडे पाय सोडून बसते. बुटके आसन येथे तिच्या कामी येते. चढताना तिला उडी घ्यावी लागत नाही, आणि हा फायदा लहान नव्हे. परंतु बसल्यावर? मागचे आसन दोन्हीकडे पाय टाकून बसणाऱ्याच्या हिशोबाने मध्ये खोलगट आणि मागे निमुळते केलेले. एकीकडे बसणाऱ्याला मांड्यांखाली जी रुंदी हवी ती तेथे नाही. टेक्याची पोलादी कमान तिच्या डाव्या कुशीला येऊन भिडते, आणि गाडी प्रत्येक वेळी उसळली की तेथेच रुतते. ती पुढे सरकते, तर पुढच्या आसनाची उंचवट्याची कड लागते. पाठीला टेका म्हणून जे लावले ते तिच्या पाठीस कधी लागतच नाही. एवढ्यावर डाव्या बाजूला सामानाची पिशवी टांगलेली असेल तर पाय ठेवावयास जागाच उरत नाही, आणि मग ती पिशवी तिच्या मांडीवर येते. ओझर आणि लेण्याद्री जवळजवळ आहेत म्हणून ठीक. पुढे महड आणि पाली गाठावयाची आहेत.

ह्यावर कोणी म्हणेल की, बायकांनी आता सलवार घालून नीट दोन्हीकडे पाय टाकून बसावे, सुरक्षितही तेच. सुरक्षित आहे हे आम्हांसही मान्य. परंतु तसे म्हणणे म्हणजे गाडीला बसणाऱ्याप्रमाणे न घडवता बसणाऱ्याला गाडीप्रमाणे घडवणे झाले. आणि ज्या वाहनाचे समर्थन सोय ह्या एका गुणावर चालले आहे, त्याच्या समर्थकाला तरी हा युक्तिवाद शोभत नाही.

समोरच्या काचेचीही गोष्ट अशीच. ती पुढच्याच्या छातीवरचा वारा अडवते आणि वर फेकते. मागचे आसन पुढच्याहून वर असते; कारण त्याच्याखाली चाक हलावयाचे असते. तेव्हा पुढच्याच्या शिरस्त्राणावरून उसळलेला तो वारा नेमका मागच्याच्या तोंडावर येतो, आणि तोही एकसारखा न येता ढुशा देत येतो. ह्या ढुशांनी मान आखडते. पुढच्याला मात्र गाडी विलक्षण शांत वाटते.

लांब बांध्याने गाडी स्थिर राहते आणि दोघांना पुरेशी जागा मिळते, हा आणखी एक लाडका मुद्दा. येथे आकडेच बोलोत. मिटिऑर ३५० च्या दोन चाकांमधील अंतर १४०० मिलिमीटर आहे. त्याच कंपनीच्या, त्याच इंजिनाच्या, सरळ बैठकीच्या क्लासिक ३५० चे १३९०. फरक एका सेंटिमीटरचा! ज्या लांबीच्या जोरावर एक गाडी दूरच्या प्रवासाची राणी ठरते आणि दुसरी शहरातली साधी दुचाकी राहते, ती लांबी बोटाच्या नखाएवढी आहे. सुपर मिटिऑरचे अंतर खरोखरच लांब, १५०० मिलिमीटर, आहे. पण तिला त्याची किंमत मोजावी लागते. तिच्या पोटाखालची मोकळीक १३५ मिलिमीटर. आपल्या देशात गतिरोधक कसा असावा ह्याचा दंडक इंडियन रोड्स काँग्रेसने घालून दिलेला आहे: उंची १० सेंटिमीटर, रुंदी ३.७ मीटर, सौम्य गोलाई. अशा शास्त्रोक्त गतिरोधकावर कोणतीच गाडी अडणार नाही. परंतु गावकुसाबाहेर, शाळेसमोर, साखर कारखान्याच्या फाटकाशी रातोरात उभे राहिलेले उंचवटे कोणत्या दंडकाला जुमानतात? दोन माणसांनी आणि सामानाने स्प्रिंगा दबलेल्या, लांब पोटाच्या गाडीने असा अरुंद उंचवटा ओलांडताना खालून जो आवाज येतो तो एकदा ऐकलेला मनुष्य पुढच्या उंचवट्याला मागच्याला उतरायला सांगतो. दोघांच्या गाडीवरून एकाला उतरवावे लागावे, ह्याहून अधिक भाष्य त्यावर करण्याची आवश्यकता नाही.

आणि मुळात ज्या रस्त्यासाठी ही गाडी जन्मली तो रस्ता आपल्या राज्यात तिला बंद आहे, ही गोष्ट तिच्या गुणगानात कोणीच का सांगत नाही, ह्याचे आम्हांस खरोखर आश्चर्य वाटते. मध्ये गाव नाही, गतिरोधक नाही, एका वेगाने जाता येईल असा मार्ग म्हणजे मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग. तेथे दुचाकीस मनाई. नागपूर ते मुंबई समृद्धी महामार्ग, तेथेही मनाई. जानेवारी २०२४ मध्ये खुला झालेला अटल सेतू. तेथेही तीच पाटी. मनाई योग्य की अयोग्य हा वेगळा विषय आहे, आणि सुरक्षिततेच्या दृष्टीने तिच्या बाजूने बोलण्याजोगे पुष्कळ आहे. परंतु क्रूझरच्या पदरी ह्यानंतर जे उरते ते जुने रस्ते: शिंग्रोबाच्या देवळावरून वळणावळणाने चढणारा बोरघाट, ताम्हिणी, वरंधा, आणि २०११ पासून रुंदीकरण चाललेला आणि अनेक मुदती उलटूनही कित्येक वर्षे पुरा न झालेला मुंबई-गोवा महामार्ग. ह्या रस्त्यांवर लागते ते चटकन वळणे, मध्येच थांबणे, मालमोटारीच्या मागून चढावर दुसऱ्या गिअरमध्ये बाहेर पडणे. मिटिऑरचे वजन १९१ किलो, तिच्यावर दोन माणसे आणि सामान मिळून दीडशे किलो, आणि हे सारे ओढावयास वीस अश्वशक्ती. चढावर ती ओढते, नाही असे नाही, पण ओढते. सुपर मिटिऑरच्या दोन सिलिंडरी, ६४८ घनसेंटिमीटरच्या इंजिनाला ह्याचे काहीच वाटत नाही; मात्र दोनशे एकेचाळीस किलोंची ती गाडी देवळाबाहेरच्या उतरत्या, खडी पडलेल्या वाहनतळातून मागे ढकलून काढताना स्वाराला आपल्या वयाचा नक्की आकडा कळतो.

सामानाविषयी फार लिहावे असे काही नाही, कारण बहुतेक गाड्यांवर सामानाची जागाच नाही. डबलसीट जाताना कायद्यानेच दोन शिरस्त्राणे लागतात. मुक्कामाच्या गावी उतरल्यावर ती ठेवावयाची कोठे, ह्याचे उत्तर स्कूटरपाशी निदान अर्धे असते, क्रूझरपाशी नसते. टेक्यामागे लोखंडी कॅरिअर लावून त्यावर पिशवी बांधली तर तो भार आसाच्याही मागे जातो आणि चढावर पुढचे चाक हलके पडते. ॲव्हेंजर क्रूझची चाके तारांची आणि टायर ट्यूबचे असल्याने संध्याकाळी कशेडी घाटात पंक्चर झाले तर काय करावयाचे, ह्याचाही विचार निघण्यापूर्वी झालेला बरा.

पूर्वपक्षाचे एक उत्तर असे असते की, आसन बदलून घ्यावे, मागचे शॉकॲब्सॉर्बर चांगल्या बनावटीचे बसवावेत, पाय ठेवण्याचे दांडे खाली घ्यावेत, मग पाहा गाडी कशी चालते. पाहिले. चांगली चालते. पण मग ही स्तुती कंपनीच्या गाडीची, की शिवणकाम करणाऱ्या कारागिराची? गाडीच्या किमतीवर आणखी पंधरा-वीस हजार घालून जी सोय विकत घ्यावी लागते ती त्या गाडीच्या जमेस कशी धरावयाची? दुसरे उत्तर, तासातासाला थांबावे. तासाला थांबल्यास कोणतेही वाहन सुखाचेच असते. थांबणे ही प्रवाशाची इच्छा असावी, त्याच्या कमरेची सक्ती असू नये, एवढीच अपेक्षा आहे.

एक गोष्ट मात्र निर्विवाद क्रूझरच्या बाजूची आहे, आणि ती झाकून ठेवणे अप्रामाणिकपणाचे होईल. मागे माणूस बसलेला असताना चढावर, चिखलात किंवा सिग्नलला गाडी थांबते तेव्हा पुढच्याचे दोन्ही पाय सपाट जमिनीला लागणे ही सुरक्षिततेची बाब आहे. पाच फूट चार इंचांच्या स्वाराला ८०० मिलिमीटरच्या पुढच्या उंच आसनाच्या गाडीवर मागे माणूस घेऊन थांबताना जी धाकधूक होते, ती येथे नाही. उंचीने लहान असलेल्या स्वारांनी, आणि त्यांत स्त्रिया आल्या, केवळ एवढ्यासाठी क्रूझर निवडली तर आम्ही त्यांना नावे ठेवणार नाही. परंतु त्यांनी ती थांबण्याच्या सोयीसाठी निवडली आहे, जाण्याच्या नव्हे, हे ध्यानात ठेवावे.

तेव्हा आमचा निवाडा असा. ॲव्हेंजर ही पुण्याहून लोणावळ्यापर्यंत दोघांची आहे. त्याच्यापुढे ती एकट्याची. मिटिऑर ३५०, पाठटेका असलेल्या प्रकारात, दोन्हीकडे पाय टाकून बसणाऱ्या सडपातळ जोडप्यास, घाई नसल्यास, ह्या सर्वांत अधिक सुसह्य आहे. सुपर मिटिऑरचे इंजिन दोघांचे आहे आणि मागच्या स्प्रिंगा एकट्याच्या. आणि ज्या गाडीला दूरच्या प्रवासाची म्हणून कोणी मिरवत नाही, ती सरळ बैठकीची, एकसंध लांब गादीची बुलेट ३५०, दोघांनी दिवसभर जाण्यास ह्या तिन्हींहून आम्हांस अधिक बरी वाटते. तिच्यावर मागचा मनुष्य पुढेमागे सरकू शकतो, एकीकडे बसू शकतो, आणि त्याचे पाय त्याच्या खाली असतात.

परीक्षकांना आमची विनंती आहे की, अश्वशक्ती आणि टाकीचे लिटर छापता तेथेच मागच्या आसनाची लांबी-रुंदी, आसनापासून पाय टेकण्याच्या दांड्यापर्यंतचे अंतर आणि गाडीने एकूण किती किलो भार न्यावा ह्याचा अधिकृत आकडा, एवढे तिन्ही छापत जा, आणि मागे बसलेल्याचे म्हणणे त्याच्याच नावाने द्या. खरेदी करणाऱ्यांना सांगावयाचे ते असे: जो मागे बसणार आहे त्याला, किंवा जी बसणार आहे तिला, नेहमीच्या वस्त्रांत शोरूममध्ये घेऊन जा, विक्रेत्याकडून मागच्या स्प्रिंगेचा ताण आणि चाकातली हवा दोघांच्या हिशोबाने करून घ्या, शोरूमसमोरच्या गुळगुळीत रस्त्यावर एक फेरी मारून परत येऊ नका, तर निदान अर्धा तास, चार-दोन गतिरोधकांवरून आणि जरा खराब रस्त्यावरून जाऊन या. त्यानंतर जागा बदला आणि तुम्ही स्वत: मागे बसा. आगाऊ रकमेची पावती फाडावयाची ती ह्या दोन फेऱ्यांनंतर, आणि मागून उतरलेल्या माणसाने होकार दिला तरच.